एडक्याचे गाव

माणगावच्या तहसील कचेरीसमोर एका जवानाचा पुतळा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे मामाच्या गावी जायचो, तेव्हा माणगावला उतरून दुसरी एस.टी. धरावी लागे. ती कधीच वेळेवर येत नसे. मग आम्हांला न्यायला आलेले थोरले मामा त्या पुतळ्यापाशी नेऊन उभे करीत आणि म्हणत, "नमस्कार करा. नाईक यशवंत घाडगे. आपल्या पळसगावचे. इटलीत लढले, तिथंच गेले." इटली कुठे आहे, असे विचारले की मामा हात पश्चिमेकडे करीत. त्यामुळे पुष्कळ दिवस माझी अशी समजूत होती की इटली म्हणजे म्हसळा-श्रीवर्धनच्या पलीकडचे एखादे बंदर असावे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी खरोखरीच इटलीला गेलो. मराठीच्या प्राध्यापकाला परदेशगमनाचा योग तसा दुर्मीळच. पण माझी पुतणी पेरुजा शहरातल्या विद्यापीठात शिकते. सौभाग्यवतींनी तिच्यासाठी मेतकूट, भाजणी, लोणचे असा बारा किलोंचा ऐवज बांधला. त्या ऐवजाबरोबर मीही गेलो, असे म्हटले तरी चालेल.

निघण्यापूर्वी मामांचा फोन आला. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. "मोंतोने म्हणून गाव आहे तिथं. आपल्या घाडग्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसवलंय, पेपरात आलं होतं. तेवढं बघून ये. आणि हे बघ, तिथं काय पिकतं ते नीट बघ. पिकातलं अर्धं कोण नेतं, तेही विचार."

हा शेवटचा प्रश्न मामांच्या नेहमीच्या सवयीचा. त्यांचे वडील खोताचे कूळ होते. कोकणातली खोती कायद्याने संपली १९४९ साली. मामा तेव्हा लहान होते. पण खळ्यावरून उचललेले भाताचे भारे आपल्या दाराकडे न वळता खोताच्या अंगणाकडे जाताना त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून कुठलेही शेत दिसले की हा माणूस पिकाचे कौतुक करण्याआधी त्यातला वाटा कोणाचा, ते विचारतो.

पेरुजा सोडून उत्तरेला निघाले की रस्ता टायबर नदीच्या सोबतीने जातो. रोममध्ये गेल्यावर ही नदी फार मोठी इतिहासप्रसिद्ध होते. इथे ती आपल्या काळ-सावित्रीसारखी साधी, शेतांना पाणी पुरवणारी नदी आहे. पुतणीच्या मैत्रिणीने आपली चिमुकली मोटार दिली होती. उंबेर्तिदे हे गाव मागे पडले, आणि उजव्या बाजूला एका टेकडीवर भिंती, कौले व एक घंटाघर असा पुंजका दिसू लागला. "काका, ते मोंतोने," पुतणी म्हणाली. इटालियन भाषेत मोंतोने म्हणजे एडका. टेकडीला दोन उंचवटे आहेत. त्यांना दूरवरच्या कोणी एडक्याची शिंगे म्हटले असेल तर मी त्याला हरकत घेणार नाही.

मोटार तटाबाहेर ठेवावी लागते. आत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच ध्यानात आले की हे गाव मुळात राहण्याच्या सोयीसाठी कोणी वसवलेलेच नाही. गल्ल्या इतक्या चढ्या की समोरून येणाऱ्या माणसाचे आधी डोके दिसते, मग पोट, मग पाय. खाली सुपीक सपाटी, नदी, रस्ता, सारे काही असताना माणसे सुमारे पाचशे मीटर उंचीवर पाण्याचे हंडे वाहत का राहिली असतील? याचे उत्तर मध्ययुगात आहे. रोमन साम्राज्य मोडले आणि खोऱ्यातले रस्ते हेच संकटाचे रस्ते झाले. गॉथ आले, बायझंटाइन आले, लोंबार्ड आले. दहाव्या शतकात हंगेरीकडचे घोडेस्वार लुटीला उतरले. ज्याच्यापाशी थोडी हत्यारे होती त्याने टेकडी धरली, तिला तट घातला, आणि खालच्या शेतकऱ्यांना सांगितले, वर या, मी राखतो. शेतकरी वर गेले. राखणीच्या मोबदल्यात काय द्यायचे, ते मात्र राखणाऱ्याने ठरवले. ऊंब्रिया आणि तोस्काना या प्रांतांतली शेकडो डोंगरगावे अशीच जन्माला आली. मोंतोनेच्या तटाबाहेर उतारावर सेंट ग्रेगरीचे अकराव्या शतकातले दगडी देऊळ आहे. ते पाहिले की गाव अजून आपल्या भिंतींत पुरते दडले नव्हते तो काळ डोळ्यांपुढे येतो.

पहिले धनी मार्क्वी पदवीचे सरंजामदार. त्यांच्यानंतर तेराव्या शतकात पेरुजाचा अंमल आला. पेरुजा तेव्हा राजा नसलेले, व्यापारी आणि कारागीर यांनी चालवलेले नगरराज्य होते. नगरराज्य म्हटले की आपल्याला उगाच लोकशाहीचा वास येतो. पण खालच्या गावांच्या दृष्टीने धनी एक होता तो शंभर झाले, एवढाच फरक. त्यातही पेरुजात सरदारांचा एक पक्ष आणि व्यापारी-कारागिरांचा दुसरा. आज हा त्याला हाकली, उद्या तो ह्याला. या धामधुमीत मोंतोनेचे फोर्तेब्राच्चो नावाचे सरदार घराणे देशोधडीला लागले. फोर्तेब्राच्चो म्हणजे बळकट बाहू. त्यांच्या ढालीवर काळा एडका. त्या घरातला १३६८ साली जन्मलेला एक मुलगा, आंद्रेआ, पुढे साऱ्या इटलीत ब्राच्चो दा मोंतोने म्हणून गाजला.

ब्राच्चोची गोष्ट मराठी माणसाला फार समजावून सांगावी लागत नाही. घरचे वतन गेलेले, हाती तलवार, मागे शे-दोनशे स्वार, आणि जो पैसा देईल त्याची चाकरी. इटलीत अशा सरदारांना कोंदोत्तिएरे म्हणत. कोंदोत्ता म्हणजे करार. अमुक इतके भाले, तमुक इतके महिने, इतका पगार, असे सारे कागदावर. करार संपला की शत्रूकडेही जाता येई आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नसे. ब्राच्चोचा जन्माचा प्रतिस्पर्धी मुत्सिओ आत्तेंदोलो, ज्याला लोक स्फोर्त्सा म्हणत. दोघांनी तरुणपणी एकाच सेनापतीच्या हाताखाली शिक्षण घेतले, आणि नंतर आयुष्यभर एकमेकांविरुद्ध लढले. स्फोर्त्सा सगळे सैन्य एकगठ्ठा फेकी. ब्राच्चो लहान तुकड्या करी. एक लढे, दुसरी दम घेई, पाणी पिई, मग आलटून पालटून. १२ जुलै १४१६ रोजी पेरुजाजवळ सांत एजिदिओच्या लढाईत, उन्हाच्या काहिलीत, शत्रूचे चिलखतवाले तहानेने व्याकूळ झाले आणि ब्राच्चोचे स्वार पाणी पिऊन पुन्हा पुन्हा येत राहिले. ज्या शहराने घराण्याला हाकलले होते त्याच पेरुजाचा ब्राच्चो धनी झाला. लढाई पाण्याच्या पखालींनी जिंकली म्हटले तर इतिहासाच्या प्राध्यापकांनी माझ्यावर रागावू नये.

त्यापूर्वीच, १४१४ साली, मोंतोनेची जहागीर होऊन ब्राच्चो तिचा काउंट झाला होता. ही पदवी त्याला पोपने दिली. पण त्या वेळी ख्रिस्ती जगात एकाच वेळी तीन पोप होते आणि देणारा त्यांतला एक. आज या पोपची गणना खऱ्या पोपांत होत नाही. मोंतोनेचे काउंटपद मात्र राहिले. अशा गोष्टींकडे पाहिले की राज्यकर्त्यांच्या कागदांविषयीचा आदर थोडा कमी होतो.

पेरुजाच्या पश्चिमेला त्राझिमेनो नावाचे मोठे, उथळ सरोवर आहे. त्याला स्वतःची वाट अशी नाही. पाऊस जास्त झाला की काठची शेते बुडत. ब्राच्चोने १४२०च्या सुमारास डोंगराखालून बोगदा खणून ते पाणी काढून दिले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची शेते घोड्यांच्या टापांखाली घातली, त्याच्या हातून हे एक काम झाले. सरोवराकाठी पिकणारी एक बारीक शेंगभाजी तिथे फार नावाजलेली आहे. पेरुजाच्या बाजारात मी ती हातात घेऊन पाहिली आणि ओरडलोच, "अगं, ही तर चवळी!" पुतणीने मोबाइलवर पाहिले, चवळीच ती, जात तेवढी बारीक दाण्याची. एक पाकीट मी पिशवीत टाकले.

ब्राच्चोला मध्य इटलीत स्वतःचे राज्य हवे होते. ते मिळते न मिळते तोच डाव उलटला. १४२४च्या जानेवारीत स्फोर्त्सा एका नदीत वाहून गेला, आणि जूनमध्ये लाक्विला शहराच्या वेढ्यात ब्राच्चो जबर जखमी होऊन पकडला गेला. तीन दिवसांनी मेला. धर्मबहिष्कृत म्हणून पोप पाचव्या मार्टिनने त्याला रोमच्या वेशीबाहेर, अपवित्र जमिनीत पुरवले. आठ वर्षांनी त्याच्या पुतण्याने अस्थी उकरून पेरुजाला आणल्या.

त्याच्या मुलाचे नाव कार्लो. हाही भाडोत्री सरदारच. व्हेनिसच्या चाकरीत तो तुर्कांविरुद्ध लढला, आणि १४७३ साली त्याला एक अद्भुत बक्षीस मिळाले: येशूच्या मस्तकावरच्या काटेरी मुकुटातला एक काटा. तो खरा की खोटा, हा वाद आपण घालू नये. कार्लोने काटा आपल्या गावाला दिला. आजही ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो लोकांना दाखवतात, आणि ऑगस्टमध्ये या दानाचा मोठा उत्सव होतो. गावाच्या तीन आळ्या, प्रत्येक आळी एकेका दरवाज्याच्या बाजूची. मध्ययुगीन पोशाख, धनुर्विद्या, नाटके आणि आळी-आळीतली चुरस. आपल्याकडे गोविंदाच्या वेळी जे होते तेच.

काटा देणाऱ्या कार्लोला मात्र गाव राखता आले नाही. वडिलांचे पेरुजा परत घेण्याच्या नादात तो पोप चौथ्या सिक्स्टसच्या डोळ्यांवर आला. पोपच्या फौजांनी मोंतोने जिंकले, आणि १४७८ साली ब्राच्चोचा किल्ला पाडून टाकला. त्याचे भग्न अवशेष अजून वर आहेत. गवत, दोन सायप्रस, आणि खालच्या खोऱ्याचे असे काही दृश्य की आपण किल्ला विसरतो. किल्ला पडल्यावर चारच वर्षांनी, १४८२ साली, बार्तोलोमेओ कापोराली या चित्रकाराने गावासाठी एक पताका रंगवली. ती तिथल्या संत फ्रान्सिसच्या मठात, म्हणजे आता संग्रहालयात, आहे. मेरीमाता आपला झगा पसरून त्याखाली माणसांना घेते आहे, आणि खाली इवलेसे मोंतोने. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. सरदार मेलेला, तट पाडलेला, रोगराईची भीती. अशा वेळी गावाने पदरमोड करून काय मागितले, तर एक पदर.

पुढचे धनी मी भराभर सांगतो, कारण ते तसेच भराभर आले. सोळाव्या शतकात पोपने शेजारच्या चित्ता दि कास्तेल्लोच्या व्हितेल्ली घराण्याला हे गाव बहाल केले. १६४० साली पोपनेच ते परत घेतले. १७९८ साली फ्रेंच आले व त्यांनी प्रजासत्ताक पुकारले. ते दुसऱ्याच वर्षी आटोपले. १८०९ साली पुन्हा फ्रेंच, या वेळी नेपोलियन बादशहाचे, आणि ऊंब्रिया फ्रान्सचा एक जिल्हा झाली. नेपोलियन पडल्यावर पुन्हा पोप. १८६० साली उत्तरेकडच्या राजाचे सैन्य उतरले आणि इटलीचे राज्य आले. मग मुसोलिनी. देवळातल्या सुंदर वस्तूंनाही या फिरत्या धन्यांबरोबर पाय फुटले. मठासाठी १४६९ साली तयार झालेली सचित्र पूजापोथी आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे, आणि लुका सिन्योरेल्लीने १५१५ साली इथल्या देवळासाठी काढलेले मेरीमातेचे चित्र लंडनला. पुतणी कलावस्तूंच्या डागडुजीचे शास्त्र शिकते, त्यामुळे हे सांगताना तिचा आवाज चढला. मी तिला कोहिनूरची आठवण दिली, तेव्हा कुठे ती हसली.

चौकाला अर्थातच फोर्तेब्राच्चोचे नाव आहे. तिथे दगडी बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अंगात उन्हाळ्यातही कोट. पुतणीने नमस्कार-चमत्कार केले आणि मी मामांचा प्रश्न पुढे केला. काय पिकते? गहू, मका, सूर्यफूल, उतारावर ऑलिव्ह, आणि खाली खोऱ्यात तंबाखू, पुष्कळ तंबाखू. आणि अर्धे कोण नेत असे? पुतणीने भाषांतर केले तसे म्हातारबुवा ताठ बसले. त्यांचे वडील अर्धेलीने करीत. जमीन, घर आणि अर्धे बियाणे मालकाचे. राबणे साऱ्या कुटुंबाचे. पीक निम्मे निम्मे. शिवाय नाताळला मालकाला कोंबडे आणि ईस्टरला अंडी. मुलाचे लग्न करायचे तर मालकाला विचारून. मी म्हटले, "आमच्याकडेही कोंबडे लागे." यावर ते इतके मोठ्याने हसले की समोरच्या कॉफीवाल्याने मान बाहेर काढली. कुठल्या धन्याच्या वेळी ही रीत सुरू झाली, असे विचारले. त्यांनी हाताने हवेत एक मोठे वर्तुळ काढले, म्हणजे सगळ्यांच्याच. मार्क्वी गेले, ब्राच्चो गेला, पोप दोनदा-तीनदा आले-गेले. अर्धा वाटा जागचा हलला नाही. नव्याने अर्धेलीचा करार करण्याची बंदी इटलीत झाली १९६४ साली.

"आणि युद्ध आठवतं?" पुतणीने विचारले. ते तेव्हा लहान होते. आईने सगळ्यांना तळघरात दडवले होते. बाहेर आले तेव्हा विहिरीपाशी खेचरे होती आणि सावळे शिपाई. त्यांतल्या एकाने पाणी काढण्यापूर्वी खुणेने आईची परवानगी मागितली. एवढेच त्यांना आठवते. "आईला कोणी कधी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. पुतणीने हे वाक्य मराठीत सांगताना मध्येच थांबून घसा साफ केला.

जुलै १९४४ मध्ये दहावी इंडियन डिव्हिजन टायबरच्या खोऱ्यातून उत्तरेला सरकत होती. जर्मन मागे हटत होते, पण प्रत्येक टेकडी लढवून. टेकडी धरून खोरे राखण्याची ती हजार वर्षांपूर्वीची युक्ती मशीनगनलाही तितकीच लागू पडते. १० जुलैला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी मशीनगनच्या तोंडी सापडली. नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखालचे सगळे जण पडले. उरले ते एकटे. ते तसेच धावत ठाण्यावर गेले. हातबाँबने गन आणि गन चालवणारा बंद पाडला, एकाला टॉमीगनने टिपले, आणि गोळ्या संपल्यावर नवे मॅगझिन भरायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर नाही, समाधी नाही. कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव कोरलेले आहे. इटलीच्या भूमीवर आपले ५,७८२ सैनिक पडले. ते ज्या राज्यासाठी लढले ते राज्यही तीनच वर्षांत आपल्या देशातून निघून गेले.

सूर्यघड्याळ २०२३च्या जुलैत मोंतोनेकरांनी आणि इटलीतल्या युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी उभारले. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. आम्ही गेलो तेव्हा आभाळ भरून आलेले. सूर्य नाही, सावली नाही, वेळ नाही. पुतणी म्हणाली, थांबू या. थांबलो. माणगावच्या पुतळ्यापाशी एस.टी.ची वाट पाहत असू, अगदी तसेच. वीस-पंचवीस मिनिटांनी ढग थोडा सरकला आणि काट्याची सावली पडली. मी चप्पल काढून नमस्कार केला. कोणी पाहत नव्हते, आणि पाहत असते तरी तिथल्या माणसांना त्यात काही विचित्र वाटले असते असे मला वाटत नाही.

तिथूनच मामांना फोन लावला.

"काय पिकतं?"

मी यादी सांगितली. तंबाखू म्हटल्यावर त्यांनी "अस्सं!" केले.

"आणि अर्धं?"

"मालक नेई, मामा. कोंबडं पण. नवे करार बंद केले एकोणीसशे चौसष्ट साली."

"म्हणजे आपल्यानंतर," मामा म्हणाले. आवाजात समाधान स्पष्ट होते. "बरं, त्याची समाधी कुठं आहे?"

"समाधी नाही. फक्त नाव आहे, तेही दूर, कासिनोला."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. लांबून त्यांच्या गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"मग तो शेतातच असणार," ते म्हणाले. "बियाणं काही आणतोयस का तिकडचं?"

चवळीचे ते पाकीट मी परत आल्यावर माणगावला नेऊन दिले. मामांनी दाणे तळहातावर घेऊन, चष्मा कपाळावर चढवून पाहिले, एक दाताखाली फोडला, आणि भात कापून झाला की विहिरीकडच्या तुकड्यात पेरू, असे म्हणाले.